फिल्मची भिंगरी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, व्हरांड्याच्या पार टोकाला, एक्स-रेची खोली आहे. तिथं माणिकराव सव्वीस वर्षं फोटो काढतात. एक्स-रेला आमच्याकडं फोटोच म्हणतात. बापानं दुसऱ्याच्या रानात राबून पोराला बिदरला शिकायला ठेवलं. त्या शिक्षणाचा माणिकरावांना फार मान. शर्टाची वरची गुंडीसुद्धा ते कधी उघडी ठेवत नाहीत.

लेकरांनी गिळलेलं कायकाय त्यांच्यासमोर उमटून गेलंय. रुपया, पिन, पैंजणाचं घुंगरू. गोल सावलीला दुहेरी कडा दिसली की ते खुर्चीतून उठतात. ते नाणं नसतं, खेळण्यातला सेल असतो, आणि सेल दोन तासांत अन्ननळी जाळतो. अशा लेकराला ते बाकावर टेकूसुद्धा देत नाहीत. सरळ डॉक्टरांकडं, तिथून गाडीत.

खिडकीला एक भिंगरी टाचलेली आहे. वाया गेलेली निळसर फिल्म कापून त्यांनीच केलेली.

पौष सरता सरता हळ्ळीखेडहून गुरुबाई नातीला घेऊन आल्या. स्नेहा चार वर्षांची. महिनाभर खोकत होती, दोन ठिकाणची औषधं पिऊन झाली होती. नव्यानंच आलेल्या डॉक्टर विभा मॅडमनी छाती तपासून फोटो लिहून दिला होता.

"खोकला कोणत्या दिवशी लागला, अक्का?" माणिकरावांनी विचारलं. किती दिवस झाले, असं ते कधी विचारत नाहीत.

"वेळअमावस्येला, अण्णा. अंबिल बाधली म्हनायलेत सगळे. मीच पाजली, माझ्या हातानं." गुरुबाई खाली बघत बोलल्या. "तवापासून सून माझ्या हातचं पानीबी पिऊ दीना तिला."

वेळअमावस्येला आमच्या भागातली गावं ओस पडतात. सारी माणसं रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते. मिसळीच्या भाज्यांची भज्जी, भाकरी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबट अंबिल पोटभर होते. मग पिकाभोवती अंबिल शिंपडत, आरोळ्या देत फेरी निघते. लेकरं पुढं पळतात. त्यानंतर गावात कुणीही खोकलं, तरी बोल अंबिलीलाच लागतो.

फोटो निघाला. साफ.

"साफ हाय? मग थंडीच म्हना की," असं म्हणत गुरुबाईंनी पिशवी उचलली.

"थांबा. त्या दिवशी सकाळी खोकत व्हती?"

"न्हाई. फेरीत वरडत पळायलती, तितं ठसका लागला. डोळे पांढरे केली. मग आपोआप थांबला. सांजेपासून खोकायली."

"तोंडात काय व्हतं?"

"अंबिलच." मग पिशवी परत खाली ठेवत म्हणाल्या, "शेंगदानेबी असतील. सुनंनं मूठभर दिल्ते सगळ्या लेकरास्नी."

माणिकराव मॅडमकडं गेले. लेकराला उगाच दुसरा फोटो लावणं त्यांना पटत नाही. म्हणून शब्द जपून बोलले. "मॅडम, शेंगदाणा फोटोत दिसत न्हाई. श्वास सोडल्यावरचा एक काढू द्या."

"उजवीकडं शिट्टी ऐकली होती मी," मॅडम म्हणाल्या. "फोटो साफ म्हणून गप्प बसणार होते. पण चार वर्षांची पोर सांगून श्वास सोडेल?"

"माझं न्हाई ऐकायची. भिंगरीचं ऐकती."

भिंगरी यंत्रासमोर आली. फिल्म जाड, फुंकर पोटातून मारावी लागते. स्नेहानं गाल फुगवले, फुंकलं, फुंकतच राहिली. पाती अर्धी वळून थांबली. फुंकर सरली त्या क्षणी माणिकरावांनी बटण दाबलं.

या फोटोत डावं फुफ्फुस आकसून पांढुरकं झालं होतं. उजवं मात्र तसंच काळं, फुगलेलं. त्यानं हृदयाची सावली डावीकडं ढकलली होती. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. मॅडमनी बराच वेळ बघितलं आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. तिथं दुसऱ्या दिवशी स्नेहाला भूल दिली, तोंडातून दिव्याची नळी घातली आणि उजव्या फुफ्फुसाच्या श्वासनळीतून फुगलेला अर्धा शेंगदाणा काढला.

आठ दिवसांनी तिघी मॅडमना दाखवायला आल्या. गुरुबाई, स्नेहा आणि आता सूनही. मॅडमकडून सुटल्यावर स्नेहा आधी भिंगरीकडं पळाली.

सून दारातच उभी राहिली. "दाने मीच दिल्ते, अत्या," ती हळू म्हणाली.

"मीबी तितंच व्हते की," गुरुबाई म्हणाल्या. "पळायलेल्या पोरीला मी तरी कुटं थांबविले."

माणिकराव टेबलावरची धूळ पुसत राहिले. पुसून झालेलीच होती.

सुनेनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सासूच्या हातात दिली. "तुमीच पाजा. पन आदी बसवा तिला."

"बसती कुटं ती," गुरुबाई म्हणाल्या.

खिडकीशी निळी भिंगरी फुंकरीसरशी गरगर फिरत होती. स्नेहाला तहान नव्हती.