बडबडीचा रेझ्युमे

घरात तिला सगळे बडबडी म्हणत. सकाळी डोळे उघडले की तोंडाचा पट्टा सुरू! पण कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी रेझ्युमे लिहायला बसली आणि तिची बोलतीच बंद झाली. नाव, शाळा, गुण इथवर गाडी सुरळीत आली. 'शाळेबाहेरचं काम' या मथळ्याखाली मात्र नुसता ठणठणाट. वर्गातल्या मुलींकडे पोहण्याची पदकं होती, नाटकाची बक्षिसं होती.

"आई, मी आयुष्यात काहीच केलेलं नाही गं!"

"खरंय," शिवणयंत्रावरून मान न उचलता आई म्हणाली. "कालची भांडीसुद्धा तशीच पडलीत."

दादा खुर्चीचा पाय घासत बसला होता. तो सुतार, आणि जन्मापासून बहिरा. बहिणीचं पडलेलं तोंड पाहून त्याने हातांनीच विचारलं, काय झालं? तिने खुणांनी रडगाणं गायलं. दादा हसला आणि तिचं मनगट धरून तिला खाली गल्लीत घेऊन गेला.

बेकरीवाल्या काकांनी त्याला पाहताच बोटांनी विचारलं, ताजा पाव की कालचा? औषधवाल्या मावशींनी आईच्या गोळ्या देत खुणेनं सांगितलं, दोनदा, जेवल्यावर. चावीवाल्याने तर रस्त्यापलीकडूनच सामन्याचा निकाल कळवला आणि वर पंचाला दोन शिव्या हासडल्या, त्याही हातांनी!

दादाने गल्लीवरून हात फिरवला, मग तिच्याकडे बोट केलं. हे सगळं तू शिकवलंस.

खरंच की! ती शाळेत असताना एकदा दादाला गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट कळलं नाही आणि तो चांगलाच आजारी पडला. ती तावातावाने मावशींशी भांडायला गेली. मावशी म्हणाल्या, "मग मला शिकव ना!" मावशींचं पाहून बेकरीवाले आले, मग बाकीचे. दर शनिवारी बेकरीत वर्गच भरू लागला. तिला ती आपली नेहमीची बडबड वाटत होती.

ती दोन-दोन पायऱ्या गाळत घरी पळाली. बोटं नुसती धावत सुटली. 'समाजाच्या सर्वांगीण उत्थानासाठी मी अविरत झटले.' दादाने वाचलं आणि खुणेनं विचारलं, या बाई कोण?

हसत हसत तिने ते पुसलं आणि लिहिलं, 'गल्लीतल्या दुकानदारांना खुणांची भाषा शिकवते. माझा भाऊ आता एकटा खरेदी करतो.'

घासाघीसही करतो, दादाने सुचवलं. तेही रेझ्युमेत गेलं.

शिफारसपत्र मावशींनी दिलं. मुलाखतीला बोलावणं आलं, आणि तिथे तिने परीक्षकांनाच 'पाणी', 'भूक', 'धन्यवाद' शिकवायला घेतलं. अर्ध्या तासात तिघेही हातवारे करत खिदळत होते.

निकालाचा ईमेल उघडताच तिने अशी किंकाळी फोडली की आई सुई हातात घेऊनच धावत आली. दादाला ऐकू आलं नाही, पण चेहरा पाहूनच तो काय ते समजला. आईने लेकीला छातीशी धरेपर्यंत हा पठ्ठ्या खाली पोचलासुद्धा.

ती खिडकीत आली, तर काका, मावशी, चावीवाला, सगळे रस्त्यावर! बहिऱ्यांच्या टाळ्या डोळ्यांसाठी असतात. दोन्ही हात उंच धरून बोटं थरथरवायची. अख्खी गल्ली एकही आवाज न करता टाळ्या वाजवत होती, आणि बडबडीला एक शब्द सुचेना.