शून्यरावांचा एक

ऑफिसात त्यांना शून्यराव म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर चढवायला त्याचं पॅकेज बांधलं की फाइलच्या नावात आधी प्रोग्रॅमचं नाव, मग आवृत्तीचा आकडा, शेवटी ते कुठल्या मशीनवर चालेल ते, असा तिथला शिरस्ता. आकडा शून्याने सुरू झाला तर काम कच्चं, एकाने सुरू झाला तर पक्कं. उभ्या नोकरीत शून्यरावांचं एकही पॅकेज शून्याच्या पुढे सरकलं नव्हतं. "पक्कं म्हणायचं तरी कशाला?" ते विचारत, आणि समोरच्यालाच घाम फुटे.

त्यातलं सगळ्यात लाडकं 'वाचक'. पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी लिहिला होता. ताई अंधशाळेत गणित शिकवायची. तिला स्वतःलाही दिसत नसे. दर रविवारी ही स्वारी पेन ड्राइव्हवर नवं पॅकेज घेऊन तिच्या दारात हजर. ताईचा कॉम्प्युटर नाव वाचायचा, "वाचक, शून्य पॉइंट नऊ." पुढच्या खेपेला, "शून्य पॉइंट दहा."

"अरे, पॉइंट दहा म्हणजे पॉइंट एकच की! तू पुढे चाललायस का मागे?"

"ताई, तो पॉइंट नुसता मधे उभा आहे. त्याच्या अलीकडचं वेगळं, पलीकडचं वेगळं. नवानंतर दहा."

सांगता सांगता त्यांचाच गोंधळ उडायचा.

मग शाळेचं फर्मान आलं. सोमवारपासून शून्याने सुरू होणारी पॅकेजं शाळेचे कॉम्प्युटर घेणार नाहीत. म्हणजे 'वाचक' बंद, आणि ताईच्या वर्गाची पुस्तकंही बंद.

"त्यात काय एवढं?" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "शून्य खोडा, एक लिहा."

शून्यरावांनी एक लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. का, ते त्यांना स्वतःलाच कळेना. रविवारी तसेच ताईकडे गेले.

"ताई, एक लिहितो आणि लगेच खोडतो बघ."

"काही बिघाड राहिलाय का?"

"नाही ना! तोच तर घोळ आहे."

ताईने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "बिघाड गेलं वर्षभर नाहीयेत रे. मीच आपली दर शनिवारी बसून एखादा बिघाड रचायची, म्हणजे तू येशील."

"म्हणजे मागच्या खेपेला म्हणालीस तसा तो स्वल्पविरामावर अडखळत नव्हता?"

"छे."

"मग मी दुरुस्त काय केलं?"

"ते मला काय विचारतोस!"

शून्यराव खुर्चीत बसून राहिले. हसावं की रागवावं, काही समजेना. राग तर येतच नव्हता.

"लिही आता तो एक," ताई म्हणाली. त्यांनी लिहिला. "वाचक, एक पॉइंट शून्य," कॉम्प्युटर म्हणाला, आणि काम झालं. सोमवारी वर्ग नेहमीसारखा भरला.

पुढच्या रविवारी शून्यराव सवयीने निघाले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की जायला कारणच नाही. परत फिरले. मग पुन्हा उलटे वळले आणि एकदाची बेल दाबली.

"काय बिघडलं?" ताईने दार उघडत विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

ताईने चाचपत त्यांचा हात शोधला. हातात पेन ड्राइव्ह नव्हता.

"असाच आलास?"

"असाच."

तिने तो हात सोडला नाही.