नाव घेतल्याशिवाय घास नाही

माझी द्रौपदीआत्या तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. गिरणी बंद पडून तिचे यजमान, गुणाजीकाका, घरी बसले तेव्हा ती रडत बसली नाही. अंधेरीला विमानतळाजवळ आल्माझ नावाच्या इथिओपियन बाईने छोटं हॉटेल काढलं होतं. तिथे आत्याने स्वयंपाकघर धरलं. त्यांची इंजेरा नावाची भाकरी बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही तर आपली आंबोळी! नुसती परातीएवढी." नाचणी-तांदळाचं पीठ आंबवून तिने अशी जाळी पाडली की बाईने तिला सोडलंच नाही.

घरी मात्र बायको कमावती झाली आणि काकांचं बोलणं आटलं. ताट घेऊन ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. "भांडले असते तरी परवडलं असतं गं," आत्या मला म्हणायची. एवढं एकच तिला सोसत नव्हतं.

हॉटेलला वर्ष झालं तेव्हा आल्माझबाईने त्या दोघांना जेवायला बोलावलं. सोबत मीही. काका तयार होईनात.

"येवचा नसला तर उपाशी रवा. आज चूल पेटाची नाय," आत्याने सांगून टाकलं.

टेबलावर एकच थाळा आला. खाली आंबोळी पसरलेली, वर मसुरीची घट्ट आमटी आणि लालभडक कोंबडीचा रस्सा.

"माझा ताट?" काकांनी विचारलं.

"हयसर एकाच ताटात जेवतत," आत्या म्हणाली.

तोंड फिरवायला भिंत नाही! मला हसू आवरेना. तेवढ्यात आल्माझबाईने घास करून थेट काकांच्या तोंडाशी नेला. पाहुण्याला घास भरवायची त्यांची रीत. काका खुर्चीसकट मागे सरकले. "ओ बाई! लगीन झालला असा माझा!"

"तोंड उघडा," आत्या हसून म्हणाली. "पाहुणचार असा तो तेंचो."

काकांनी डोळे मिटून घास घेतला आणि चावता चावता थांबले. "आंबोळी तू केलंस?"

"मग कोण?"

"अब तुम उसको," आल्माझबाई काकांना म्हणाली. त्यांनी घास उचलला, तर आत्याने मान फिरवली. "नाव घेतल्याशिवाय मी घास घेवची नाय."

भर हॉटेलात, लग्नातल्यासारखं! झालं, मला वाटलं, आता काका उठून जाणार. रस्सा काकांच्या मनगटावर ओघळत होता. त्यांनी घसा खाकरला.

"गिरणीचो भोंगो बंद पडलो, नशीब गेला रुसान,
द्रौपदीच्या आंबोळीवर घर रवला टिकान."

आल्माझबाईला काही कळलं नाही, तरी तिने टाळ्या वाजवल्या. आत्याने तोंड उघडून घास घेतला. इतकी जिभेची तिखट बाई, पदराने डोळे पुसत बसली.

रविवारी मी त्यांच्याकडे होते. आत्याने सवयीने काकांचं ताट भिंतीकडे मांडलं. काकांनी ते उचललं, तिच्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाले, "वाढ. दोघांका."