चालू म्हणजे बास

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढं उभी राहिले की बाकी सगळं सांगते, एवढं मात्र गाळते — जणू त्याच्या लक्षातच राहिलं नसेल. तुम्हाला सांगते, कारण लपवायचाही आता कंटाळा आलाय.

गोष्ट एका स्टीलच्या कळशीची. एवढ्याशा वस्तूची ती काय गोष्ट, असं वाटेल. वाटू द्या. पंचाहत्तर सालाच्या आसपास सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत घरात स्टील असणं म्हणजे काय, हे आता कुणाला समजावत बसू? माझ्या जाऊबाईंकडं माहेरून आलेली कळशी होती. नळावर ती अशा तोऱ्यात ठेवायच्या, की बाकीच्या बायका आपापली पितळेची भांडी मागं ओढून घ्यायच्या. मला तशी कळशी हवी होती. विकत नव्हे हं — फुकट. विकत काय, कुणीही घेतं. फुकट मिळवली की हुशारी दिसते.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बक्षीस योजना होती. मालाबरोबर कूपनं मिळायची, ठरलेली कूपनं जमली की स्टीलची कळशी. शिवाय त्याच दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर सवलतीच्या चिठ्ठ्या छापलेल्या. चिठ्ठी कापून दिली की बिलात सूट. म्हटलं, सूटही घेऊ आणि कूपनंही घेऊ. मॅट्रिक झालेली होते ना मी. पेठेतल्या अर्ध्या बायका माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या. मला कोण फसवणार?

कुणी फसवलंच नाही. त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की चिठ्ठीवर घेतलेल्या मालाला कूपन नाही. पत्रं वाचणाऱ्या बाईनं तेवढं सोडून सगळं वाचलं होतं. कूपन मागायला गेले की दुकानदार म्हणायचा, "वैनी, सूट घेतली की तुमी. आता कूपन कुटलं?"

मग युक्त्या सुरू केल्या. साखर चिठ्ठीवर आणि चहा कूपनावर — एका बिलात चालेना. सकाळी चिठ्ठी, संध्याकाळी कूपन — "एका दिवशी एकच, वैनी." नवऱ्याला पाठवलं, तर तो चिठ्ठी आणि कूपन दोन्ही विसरून नुसता गूळ घेऊन आला. एकदा तर मी फक्त काडेपेटी घेतली आणि कूपनासाठी हात पुढं करून उभी राहिले. दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं, की आजही आठवलं तर पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. वर्षभर हेच. जीव नुसता शिणून गेला त्या कागदांपायी. दिवाळी झाली की योजना बंद होणार होती, आणि माझी निम्मी कूपनंसुद्धा जमली नव्हती.

नरसम्माची सगळी जमली होती.

नरसम्मा शेजारची. नवरा मागावर चादरी विणायचा. तेलंगणातल्या एका खेड्यातून नुकतंच आलेलं कुटुंब. तिला मराठी जेमतेम समजायचं, वाचता तर येतच नव्हतं. म्हणून त्या सवलतीच्या चिठ्ठ्या तिच्या गावीही नव्हत्या. दुकानदार देईल ते कूपन मुकाट्यानं घ्यायची आणि जपून ठेवायची. थोरलीचं लग्न ठरलं होतं. लेक सासरी जाताना तिच्याबरोबर एक तरी स्टीलचं भांडं जावं, एवढाच तिचा हट्ट. दुसरं काही द्यायला घरात नव्हतं.

कूपनं घेऊन ती दुकानात गेली. सणाची गर्दी. योजना हाय का, एवढंच तिनं विचारलं असणार. दुकानदार तराजूवरची नजर न काढता म्हणाला, "चालू, चालू." म्हणजे योजना सुरू आहे. पण तेलुगूत चालू म्हणजे बास. पुरे. ती आल्या पावली मागं फिरली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, शेट चालू बोलला. संपलं काय?"

मला तेलुगू येतं. सोलापुरात मागांच्या खडखडाटात वाढले मी, न येऊन कसं चालेल? काय घोळ झालाय हे तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कळलं. हसूसुद्धा आलं. आणि सांगायचं तरी किती होतं — अगं, मराठीत चालू म्हणजे सुरू, जा परत.

मी म्हणाले, "व्हय की. बास झालं ते."

जीभ अडखळली असेल, असं वाटतंय तुम्हाला? नाही हो. वर हात पुढं केला. म्हटलं, दे ती कूपनं, पोरींना भातुकलीला होतील. तिनं दिली.

मराठीत चालू शब्दाला आणखी एक अर्थ आहे — माझ्यासारख्या बाईला लावायचा. तो तिला तेव्हा माहीत नव्हता.

कळशी आणली. माहेरून आली म्हणून सांगितलं. नरसम्मानं तिच्यावरून हात फिरवला, म्हणाली, चांगली हाय. तिच्या लेकीच्या लग्नात मी अॅल्युमिनियमचं पातेलं दिलं. तिनं मला नवऱ्यानं विणलेली चादर दिली. ती मी घेतली. हेही सांगूनच टाकते.

पण एवढंच असतं तर कदाचित मी आजही गप्प बसले असते.

पुढं काही वर्षांत नरसम्माचं मराठी चांगलं सुधारलं. नळावर एक नवी सून यायला लागली, तीही तेलुगूच. तिचं बोलताना काहीतरी चुकलं आणि बायका हसल्या. पोरगी रडवेली झाली. तिला धीर द्यायला नरसम्मा आपलीच फजिती सांगायला लागली. "आगं, म्या तर लई येडी. शेट चालू म्हनला, आन मला वाटलं बास झालं. कळशी गेली की माजी." सगळ्या हसल्या, ती पोरगीही हसली. मी खाली मान घालून पाणी भरत होते. वाटलं, आता ही माझ्याकडं बघणार. बघितलंच तिनं, पण हसत. म्हणाली, "आन ह्या अक्कालाबी तसंच वाटलं बगा. आमच्यात राहून राहून हिचं मराठी बिगडलं."

तिला खरंच तसं वाटत होतं? की सगळं कळूनही तिनंच माझी सुटका केली? मला माहीत नाही. बायकांदेखत नसतं जमलं, तर घरी जाताना सांगता आलं असतं. दारं तर शेजारी शेजारी होती.

मी हसले. "व्हय की," म्हणाले, "पार बिघडलं बघ."

पहिलं खोटं कळशीसाठी होतं. हे कशासाठी होतं?

नंतर ती मुलाकडं भिवंडीला राहायला गेली. सामान टेम्पोत चढवायला मी हात लावला. ती पुढं बसली, टेम्पो सुरू व्हायला वेळ लागत होता, आणि मी खिडकीशी उभी होते. तोवर तिला मराठी येत होतं, मला तेलुगू येत होतं. दोन्हीतल्या कुठल्याही भाषेत सांगता आलं असतं. मी तिला म्हटलं, पाण्याची बाटली घेतलीस ना.