न सांगितलेले तीन मामा

ये वो, अशी जवळ बस. कागद जरा डोळ्याजवळ धर. मी काही शाळेत गेली नाही, तुमच्या दोघी बहिणींच्या पाटीवरून अक्षरं शिकली, तवा जे वाकडं दिसन ते वाकडंच वाच. पण वाच. फोनवर तू लय हुशार झाली आहे. मी त्या गोष्टीवर आली रे आली की तुह्या कुकरची शिट्टी होते. आठवा महिना लागला तुले. एवढं काय शिजून राह्यलं रिसोडात, की दिवसातून चारदा कुकर लावतं? म्हणून कागद घेतला. याले शिट्टी होत नाही.

मले राग आला आहे. तुह्यावर थोडा. बाकीचा कोणावर, ते वाचल्यावर समजन.

गेल्या वर्षी तुह्या बहिणीचं बाळंतपण झालं तवा तू परीक्षेले होती, म्हणून तुले अर्धंच माहीत आहे. वाशीमच्या दवाखान्यात दुपारी पोरगा झाला. डोकंभर केस, मुठी अशा आवळलेल्या की जसं कोणाशी भांडूनच आला. थोरली थकून झोपली होती. मी बाळ मांडीवर घेऊन बसली होती, आणि एक नवीन सिस्टर आली. कोवळी पोरगी, तुह्याच वयाची. हातात फॉर्म. वजन लिहिलं, वेळ लिहिली, आणि मग फॉर्म उलटा करून तिनं मले विचारलं, "आजी, घराण्यात कोणाचं लहान बाळ गेलं आहे का? बाळाच्या आईकडून? पोरगे, खास करून?"

मी म्हटलं, "नाही. कोणीच नाही."

तिनं काही लिहिलं नाही आणि ती गेली. अर्ध्या घंट्यानं दुसरी कोणी आली, बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची सुई दिली, तोंडात पोलिओचे थेंब सोडले. सगळ्यांच्याच लेकरांले देतात.

आता ऐक. मी खोटं बोलली.

माह्या मायले माह्या पाठीवर तीन पोरगे झाले. तिन्ही गेले. एक चार महिन्यांचा, एक पाच, एक सहा. तुमचे मामा होते ते. तुमी लहानपणी विचारायच्या, आमाले मामा काहून नाही, आणि मी म्हणायची, मी एकटीच होती. तुह्या लग्नात मामाच्या जागी शेजारचा उभा केला, तो माणूस भला, त्यानं कधी विचारलं नाही.

तिघांचं सारखंच झालं. तीन महिने गोरेगोमटे, हसरे, अंगानं भरलेले. मग खोकला. मग तोंडात दह्यासारखं पांढरं. मग पातळ संडास, ती थांबायचीच नाही. पोट खोल, डोळे मोठे. आमच्या बानं तवा दीक्षा घेतली होती. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, अंगारा-धुपारा बंद. पण आजी गुपचूप करायची. तिसऱ्याले तिनं सुपात टाकून उकिरड्यावरून ओढत आणलं, शेजारणीले देऊन टाकलं आणि पायलीभर ज्वारी घालून परत विकत घेतलं, नाक टोचलं. म्हणे आता हा आपला नाही, कचऱ्यातला आहे, याच्यावर कोणाची नजर जाणार नाही. तोच सहा महिने जगला. आजी म्हणायची, पाहा, पहिल्यापेक्षा दोन महिने वाढले.

आणि एक रीत होती आमच्यात, तुलेही माहीत आहे. बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या लेकराचं नाव काढायचं नाही. दूध आटते. त्याची सावली पडते. माय मरेपर्यंत त्या तिघांबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मी तेच शिकली. मी, जी रोज सांजेले विहारात जाते, बायांले सांगते की अंधश्रद्धा सोडा. देव नदीत गेले, बाप्पा, पण जिभेवरची भीती घरीच राह्यली. त्या सिस्टरनं विचारलं तवा माह्या मांडीवर बाळ होतं. माह्या तोंडून कसं निघावं?

तर एक राग हा. माह्यावर.

सहाव्या आठवड्यात सुईच्या जागी फोड उठला. आमी खूश. टीका उठली म्हणजे चांगलं, सगळेच म्हणतात, आणि खरंच चांगलं असते. पण याचा फोड बसलाच नाही. वाहत राह्यला. काखेत चिंचोक्याएवढी गाठ आली, मग लिंबाएवढी. खोकला लागला. गावाजवळच्या डॉक्टरकडं तीनदा नेलं. तिन्ही वेळा तोच सिरप, आणि तेच बोलणं की हवा बदलून राह्यली. थोरलीनं गाठ दाखवली तर म्हणे, लसीची आहे, जाईन. त्यानं बनियन वर करून बाळाच्या बरगड्या एकदा पाहिल्या असत्या तर! आशाताई दर महिन्याले वजन करायची. तिसऱ्या महिन्यापासून काटा हालत नव्हता. तिनंच हात जोडून म्हटलं, आजी, इथं बसू नका, नागपूरले न्या.

नागपूरची डॉक्टरीण ठेंगणी, शांत. बाळाले तपासलं, आणि मग कोरा कागद घेऊन ती चित्र काढायले लागली. बायांसाठी गोल, माणसांसाठी चौकोन. खाली बाळाचा चौकोन, वर थोरलीचा गोल, बाजूले तुह्या नावाचा गोल, त्याच्यावर माह्या नावाचा. थोरलीले विचारलं, तुमच्या आईले भाऊ किती? थोरली म्हणाली, आमाले मामाच नाही.

मी दरवाज्यात पिशवी धरून उभी होती. डॉक्टरणीचा पेन थांबला नव्हता, पुढच्या गोलावर चालला होता. मी म्हटलं, "तीन होते."

तिनं माह्या गोलाच्या बाजूले तीन चौकोन काढले. मी सांगत गेली, चार महिने, पाच, सहा, आणि ती एकेकावर तिरपी रेघ मारत गेली. थोरलीनं कागद पाहिला. मग माह्याकडं पाहिलं.

"माय, तुले माहीत होतं?"

तेवढंच बोलली. त्याच्यानंतर दोन महिने ती माह्याशी बोलली नाही.

नागपूरले नेल्यावर नवव्या दिवशी बाळ गेलं. पाच महिने अकरा दिवसांचं होतं.

डॉक्टरणीनं मले नंतर समजावून सांगतलं, आणि मी तिच्याकडून दोनदा बोलून घेतलं, म्हणून पक्कं माहीत आहे. रोगाशी भांडणाऱ्या पेशी असतात रक्तात. याच्यात त्या जन्मापासूनच नव्हत्या. हे मायकडून उतरते; बाया धडधाकट राहतात, पोरग्यांले लागते. पहिले तीन-चार महिने मायच्या अंगातून आलेल्या जोरावर निघतात, मग तो जोर सरतो. जन्मल्या दिवशी काहीच दिसत नाही. पण टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर घेतला की तपासता येते. वेळेत समजलं तर लेकराले जपून ठेवतात, दुसऱ्याच्या हाडातला मगज देतात, आणि लवकर दिला तर पुष्कळ लेकरं वाचतात. बीसीजीत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले. बाकीच्या लेकरांले त्यांचा फायदाच. याच्याजवळ त्यांच्याशी भांडायलेही काही नव्हतं. लस वाईट नाही, हे कोणाले उलटं सांगू नको. तुह्या लेकरालेही ती द्यायची आहे. पण तपासणी पाहून.

मग माह्या डोक्यात जाळ झाला तो अजून विझला नाही. मी वाशीमले गेली, आरोग्य खात्याच्या साहेबांले भेटली. म्हटलं, पोलिओसाठी तुमची माणसं मानोऱ्याकडच्या तांड्यातांड्यात जातात, कामाले गेलेल्यांच्या पालावर जातात, एक लेकरू सोडत नाहीत. मी तुमाले हात जोडते त्याच्यासाठी. पण दोन थेंब द्यायले येता तर एक थेंब घ्यायले काहून येत नाही? आणि फॉर्मवर एक रकाना काहून नाही, की घराण्यात लेकरं गेली का? ती सिस्टर आपल्या मनानं विचारून राह्यली होती, कागदाच्या मागच्या बाजूवर!

साहेब वाईट माणूस नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "आजी, हे आजार हजारोंत एखाद्याले होतात."

मी म्हटलं, "साहेब, माह्या मायच्या घरात चार झाले. आमच्या गावात हजारो माणसं तरी आहेत का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, वरून आलं पायजे. वर म्हणजे कुठं, ते कोणी सांगत नाही.

आता तुह्यावरचा राग. तू म्हटलं, सासूबाईले नको सांगू, म्हणतील पोरीत खोट आहे. आणि त्या म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी असलं तरी तिकडं नको, त्या घरात थोरलीचं लेकरू गेलं. म्हणजे तू तिथंच राहशीन, तिथले तुले काही विचारणार नाहीत, आणि विचारलं तर तू माह्यासारखंच म्हणशीन, नाही, कोणीच नाही. पहिल्याच दिवशी सुई देतील. मी जे केलं ते तू शिकून राह्यली आहे, पोरी, आणि ते मले पाहवत नाही. पोटात पोरगी असन तर तिले बहुतेक काही होणार नाही. पोरगा असन आणि तुह्यात ते असन, तर अर्धी-अर्धी बाजी आहे. तुह्यात आहे की नाही हेही माहीत नाही, कारण तू रक्त द्यायले येत नाही. आणि खोट म्हणत असन कोणी, तर ती माह्यातून आली. सासूबाईले सांग, मायनं दिली. आंदण समज.

तुले एक सांगायचं राह्यलं. गेल्या मंगळवारी थोरली एकटी वाशीमले गेली. त्याच सिस्टरले शोधून काढलं तिनं. आल्यावर मले म्हणाली, "तिले लिही. माह्या बाळाचं नाव घेऊन लिही." तिनं तुह्या नावाची फाइल करून आणली आहे. वरच्या पानावर त्या सिस्टरनं लाल पेननं लिहिलं आहे, रक्त आधी, बीसीजी रिपोर्टनंतर. नमुना नागपूरले कसा पाठवायचा तेही विचारून ठेवलं आहे. ती फाइल माह्या उशीजवळ आहे. नागपूरचा तो कागदही तिच्यातच आहे, तीन चौकोन आणि चौथा.

तर ये. नववा लागायच्या आत ये. सासूबाईले सोबत आण, त्यांले म्हण नुसतं जेवायले बोलावलं आहे. ज्वारीच्या भाकरी करते, त्यांले आवडते तशी तुरीच्या डाळीची भाजी करते. जेवण झालं की मीच कागद काढीन आणि मीच बोलीन, त्या तिघांची नावंसुद्धा घेईन, साठ वर्षांत पहिल्यांदा. तुले तोंड उघडावं लागणार नाही. तू फक्त गाडीत बस, आणि ये.