कायमचा पत्ता : माझगाव

नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून आलेल्या पाच अर्जांपैकी एक अर्ज छाननीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास बाद झाला. कारण एका ओळीत नोंदवले होते : उमेदवाराचे नाव येथील मतदार यादीत नाही. उमेदवार म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या काकू. वसईत राहायला येऊन त्यांना तेव्हा चौदा वर्षे झाली होती. अर्ज काकांनी स्वतः भरला होता, काळ्या शाईत, एकही खाडाखोड न करता.

वसईत राहूनही वसईत न राहण्याचा इतका चिकाटीचा प्रयत्न समोरच्या काकांखेरीज कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. माझगावच्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघताना त्यांनी थोरल्या भावाला ‘दोन वर्षांत काहीतरी बघतो’ असे सांगितले होते. ते काहीतरी म्हणजे काय, हे कोणालाच कळले नाही. वसईतल्या स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटला ते ‘व्यवस्था’ म्हणत. “सध्या व्यवस्था इकडे आहे,” असे ते फोनवर सांगत. फोन आमच्याकडचा असे, कारण स्वतःच्या फोनसाठी नंबर लावणे म्हणजे मुक्काम वाढवणे. दारावर पाटी नव्हती. काकूंनी एकदा पितळी अक्षरांची पाटी करून आणली, तर “काढताना भिंतीला भोक राहील” म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली. मोठी भांडी ज्या गोणपाटात बांधून आली त्याच गोणपाटात माळ्यावर होती. सुतळीची गाठसुद्धा माझगावची होती. गॅसचे कनेक्शन माझगावच्या पत्त्यावर असल्याने काकूंनी ती चौदाही वर्षे वातीच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला. रेशनकार्डही तिथलेच. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काका तिकडे जाऊन साखर आणि पामतेल घेऊन येत आणि त्याच फेरीत केस कापून येत, कारण वसईचा न्हावी कानाजवळ घाई करतो. एकदा हिवतापाने फणफणलेले असताना ते माझगावच्या डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि प्रवास अजिबात करू नका म्हणून बजावले. हे काकांनी आम्हाला वसईत परत येऊन सांगितले. “निदान बघा कसं अचूक,” ते म्हणाले.

झाडे लावायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. “झाडं काय, नेता येतात?” तरी काकूंनी इमारतीच्या मागे शेवग्याची फांदी खोचली. वर्षभरात झाड पहिल्या मजल्याला लागले आणि शेंगा आठही घरांत जाऊ लागल्या. काका त्यांची आमटी दोनदा मागून घेत, पण झाडाचा उल्लेख ‘ते मागे उगवलेलं’ असा करत. मुलगी इथल्याच शाळेत शिकली आणि लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली. पत्रिकेवर निमंत्रकांचा पत्ता माझगावचा होता. आहेर घेऊन काही मंडळी तिकडे पोचली. भावजयीने त्यांना चहा पाजून हॉलवर पाठवले तोवर पंगती उठल्या होत्या. अर्नाळ्याहून येणारी मासळीवाली वाटा लावता लावता दर वेळी विचारी, “काय काका, अजून पावनेच का तुमी?”

“चाललोच आहे,” काका म्हणत.

“मंग जाताना सांगा बाबा. तुमच्या पावनेपनात माजी पोर लग्नाला आली.”

या सगळ्या काळात काकू मात्र वसईत राहत होत्या. ते टँकरचे दिवस होते. कोणत्या इमारतीला कितवा टँकर, कोणता ड्रायव्हर अर्धी टाकी रिकामी करून पळतो, हे त्यांना तोंडपाठ होते. एका एप्रिलात त्या चार इमारतींच्या बायका घेऊन रिकाम्या हंड्यांसह नगरपरिषदेत गेल्या. साहेबांच्या टेबलावर त्यांनी गढूळ पाण्याची बाटली ठेवली. “चहा ह्याच पाण्याचा करा साहेब. आम्ही थांबतो. तुम्ही प्यायलात की जातो.” साहेबांनी चहा केला नाही, पुढच्या उन्हाळ्याआधी जलवाहिनी मात्र आली. काकांनी या आंदोलनात भाग घेतला नाही. “आपण कशाला? आपण काय इथे कायमचे आहोत?” असे ते दाढी करता करता म्हणाले. त्या सकाळी त्यांची आंघोळ दोन बादल्यांची झाली, हे काकूंनीच सांगितले.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा चारही इमारतींतल्या बायका आमच्या घरी जमल्या. काकूंशिवाय दुसरे नाव निघालेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना काहीतरी व्हा म्हणत होते, आणि ते त्यांना हवे होते, हे चेहऱ्यावर दिसत होते. त्यांनी काकांकडे पाहिले.

“मुदत किती असते?” काकांनी विचारले.

“पाच वर्षं.”

“मग हरकत नाही,” काका म्हणाले. “पाच वर्षांचंच आहे ना.”

इथून पुढचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. सरकारी कागदाशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध, त्यामुळे दुसऱ्या कोणाला अर्जाला हात लावू दिला नाही. मतदार यादीतला क्रमांक मागितला आहे म्हटल्यावर ते रजा टाकून मुंबईला गेले आणि यादीची प्रमाणित प्रत घेऊन आले. यादी अर्थात माझगावची. पत्त्याच्या रकान्यात त्यांनी वसई लिहिली, त्याआधी ‘तात्पुरता’ हा शब्द घातला आणि खाली पट्टीने रेघ मारून स्वतःची ओळ जोडली : कायमचा पत्ता, माझगाव.

छाननीला मी हजर होतो. निवडणूक अधिकाऱ्यांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला.

“हा क्रमांक कुठला?”

“माझगावचा. अचूक आहे. प्रमाणित प्रत जोडलेली आहे,” काका म्हणाले.

“तेच सांगतोय. बाई इथल्या मतदार नाहीत.”

“पण आम्ही राहतो इथेच.”

“किती वर्षं?”

“तसं म्हटलं तर... तात्पुरतं.”

“चौदा वर्षं, साहेब,” काकू म्हणाल्या.

“कागदावर नाही ना, काकू.”

मागच्या बाकावरून दुसऱ्या उमेदवाराचा माणूस ओरडला, “अहो, माझगावातून उभ्या करा की त्यांना!” खोली हसली. काकाही सवयीने थोडे हसले.

आम्ही रिक्षाने घरी आलो. दारात किल्ली फिरवताना काकू म्हणाल्या, “ह्या गावात पाणी मी आणलं, आणि ह्या गावात मीच नाही.”

“पुढच्या वेळी बघू,” काका म्हणाले.

“पुढच्या वेळी तुम्ही असाल का इथे?”

सोमवारी त्या एकट्या तहसील कार्यालयात गेल्या आणि सोसायटीचे पत्र जोडून मतदार नोंदणीचा अर्ज भरला. एकाच नावाचा. कारकुनाने विचारले, “मिस्टरांचंही घालायचं ना?” काकू म्हणाल्या, “त्यांचं अजून काही नक्की नाही.” कारकुनाने हे आमच्या इमारतीतल्या एकाला सांगितले आणि संध्याकाळपर्यंत ते आठही घरांत पोचले. काकांना कोणी चिडवले नाही असे म्हणता येणार नाही. “काय काका, नक्की झालं का?” ही चौकशी पुढे दोन वर्षे जिन्यावर चालू होती. काका एकेक पायरी उतरत “बघतोय, बघतोय” म्हणत.

मधल्या काळात काकूंनी गॅस वसईला बदलून घेतला. माझगावच्या खोलीतल्या पुतण्याचे लग्न झाले. एका दुसऱ्या रविवारी काका गेले तेव्हा शर्ट अडकवायची त्यांची खुंटी काढून तिथे मिक्सरची फळी ठोकलेली होती. हे त्यांनी मला स्वतः सांगितले आणि लगेच “तसं सोयीचं आहे ते” असेही म्हणाले. त्या खेपेला ते केस न कापता परतले.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. वॉर्ड आता खुला होता. काकू तरीही उभ्या राहिल्या, समोर तीन पुरुष. या वेळी अर्ज त्यांनी स्वतः भरला. काकांनी तो फक्त वाचला आणि एक वेलांटी दुरुस्त केली. मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून ते केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर टेबल मांडून बसले आणि येईल त्याला यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून देत राहिले. हस्ताक्षर तेच, सुवाच्य. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी बोलले नव्हते त्यांचीही पूर्ण नावे त्यांना ठाऊक असल्याचे त्या दिवशी उघड झाले. “काका, तुमचं झालं का?” असे कोणी विचारले की ते “आधी लोकांचं होऊ दे” म्हणत. संध्याकाळी टेबल आवरले तेव्हा त्यांच्या बोटाला शाई नव्हती.

काकू निवडून आल्या. पंधरवड्यात त्यांच्या बाहेरच्या खोलीत सकाळी नऊ ते अकरा रहिवासी दाखले मिळू लागले. शाळाप्रवेश, रेशनकार्ड, बँकेचे खाते, कशासाठी तरी दाखला हवा असलेली माणसे जिन्यापर्यंत उभी असत. तिसऱ्या दिवशी त्या रांगेत चौथे काका होते. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोटो.

“अहो काका, तुम्ही कशाला रांगेत? आत जा की,” पुढची बाई म्हणाली.

“नंबर येऊ दे.”

नंबर आला. काकूंनी मान वर केली नाही. “कशासाठी पाहिजे?”

“मतदार यादीत नाव घालायचंय.”

“इथे किती वर्षांपासून राहता?”

काकांनी मागे वळून पाहिले. रांगेत सात माणसे होती आणि मी दारात उभा होतो.

“एकोणीस,” ते म्हणाले.

“नक्की?”

“लिही.”

तो दाखला मी वाचला आहे. छापील मजकुरात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, त्या काकूंच्या हाताने भरलेल्या आहेत. सदर अर्जदार गेली एकोणीस वर्षे वरील पत्त्यावर कायम वास्तव्यास असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखते, असे त्यात म्हटले आहे. खाली तारीख, सही आणि गोल शिक्का आहे.