मावशी आणि तुंबलेली पन्हळ

माझ्या शिक्षणाचं सर्वांत मोठं ऋण अकोल्याच्या आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं आहे. छपरावर सुरूची झाडं वाकलेली होती. त्यांच्या काड्यांनी पन्हळ तुंबली, की पाणी थेट आमच्या खोलीत पुस्तकांवर यायचं. मावशींना ते खपत नसे. पदर खोचून त्या शिडी चढत आणि काड्यांशीही बोलत, "चला बायांनो, पुरं झालं बसनं!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाऊस कोसळत होता. भिंतीवरून ओघळ येताच मावशी वर चढल्या. त्यांनी पन्हळीत हात घातला आणि ओल्या काड्यांतून लांबलचक धामण वर आली.

मी खालून ओरडलो, "मावशी, उतरा!"

त्यांनी हातही मागे घेतला नाही. "सरक गं बाई," त्या धामणीला म्हणाल्या, "तुला निजायला लई जागा हाय. माझ्या पोरांचा उद्या पेपर हाय."

धामण सावकाश झाडावर गेली. मावशी पुन्हा काड्या उपसू लागल्या.

पदवीचा निकाल लागला त्याच दिवशी मी त्यांना पत्र टाकलं: "मावशी, पास झालो. आमच्या घरात एवढं कुणी शिकलेलं नाही. घरी अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला कळवतोय."